आंबाबोडीचा गाळ

आंबाबोडीतला गाळ रंभाबाईनं स्वतःच्या डोक्यावरून वाहून काढला होता, आणि तोही हसतखेळत. पुढं ही गोष्ट तिला फार दिवस टोचत राहिली.

बहात्तर साली पाऊस दगा देऊन गेला. सक्करदऱ्याच्या पुढं, उमरेड रोडच्या बाजूला असलेली आंबाबोडी माघातच कोरडी पडली. बोडी म्हणजे गावतळं, आणि हे तसं लहानच. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जावी एवढी. पण काठावरच्या पंधरा-वीस ढिवर मासेमारांच्या घरांचं सगळं त्या पाण्यावर चालायचं. पावसाळ्यात शिंगाड्याचे वेल लावायचे, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शिंगाडे तोडायचे, उकडून टोपल्या भरायच्या आणि बुधवारच्या बाजारात जाऊन बसायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला मासळी धरायची. बोडी आटली तेव्हा दुष्काळी काम निघालं. गाळ उपसायचा, बोडी खोल करायची. वस्तीतल्या हातांना काम मिळालं आणि पुढच्या वर्षी पाणी जास्त साठणार म्हणून सगळे खूशही झाले. रंभाबाई तेव्हा पंचेचाळिशीची होती, पण घमेलं डोक्यावर घेऊन चढ चढण्यात तिनं तरण्या पोरींना मागं टाकलं. वरचा थर वाळलेला होता, खाली मात्र काळा, मऊ, लोण्यासारखा गाळ. तो संपून पिवळा-तांबडा मुरूम लागला तेव्हा मुकादम म्हणाला, "आता कसा तळ साफ झाला!" अर्धा गाळ शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून शेतात नेला. उरलेला गेला ओमप्रकाशच्या वीटभट्टीवर.

पुढच्या पावसाळ्यात बोडी तुडुंब भरली. इतकं पाणी रंभाबाईनं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. तिचा नवरा देवाजी काठावर उभा राहून म्हणाला, "पाह्य वं, समुद्र झाला." वस्तीतल्या सगळ्यांनी वेल लावले. शिंगाड्याचा वेल लावायचा म्हणजे गळ्याइतक्या पाण्यात उतरून त्याचं मूळ पायाच्या अंगठ्यानं तळात दाबायचं. रंभाबाईनं अंगठा टेकवला तर खाली दगडासारखं टणक. दाबलेला वेल दुसऱ्या दिवशी वर तरंगायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा वर. काहींनी दगड बांधून वेल बुडवले. ते बुडाले खरे, पण पानं बोटाएवढीच राहिली आणि भादव्यात पिवळी पडून गळाली. वस्तीतल्या मच्छीमार सोसायटीनं सोडलेलं मासळीचं बी काडीसारखं बारीक राहिलं, मग दिसेनासं झालं. पाऊस ओसरल्यावर पाणी असं निवळलं, की काठावरून तळाचा मुरूम दिसायचा.

"पानी हाय, ऊन हाय, वेल बी चांगला होता," देवाजी म्हणायचा. "मंग काहून लागत नाही?"

रंभाबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहायची. त्या दिवाळीला आंबाबोडीतून टोपलंभरही शिंगाडे निघाले नाहीत. बाया फुटाणे-मुरमुरे विकायला बसल्या. माणसं उमरेडकडच्या कोळसा खाणीत काम मिळतं का ते विचारून येऊ लागली.

पौषातल्या एका सकाळी रंभाबाई काठावर धुणं धूत होती. तेवढ्यात कार्पोरेशनच्या शाळेच्या वीस-बावीस पोरी दोन-दोनच्या रांगेनं आल्या, आणि त्यांच्यामागं त्यांची बाई. बाईचं नाव यमुताई. वय पंचवीस-सव्वीस, काठाची सुती साडी, खांद्याला शबनम, हातात काचेची बरणी आणि भिंग. छप्पन साली बापाचं बोट धरून धम्मदीक्षेला गेलेली ही पोर आता सातवीच्या मुलींना विज्ञान शिकवत होती.

"मुलींनो, वहीच्या पानाच्या मधोमध रेघ मारा," ती म्हणाली. "एकीकडं या बोडीतल्या निर्जीव गोष्टी लिहायच्या, दुसरीकडं सजीव. पाहा आणि मगच लिहा. पुस्तकातलं उतरवायचं नाही."

निर्जीवांची बाजू भराभर भरली. पाणी, हवा, ऊन, माती, दगड. सजीवांच्या बाजूला मात्र पोरी अडल्या. यमुताईनं बरणीत पाणी घेऊन उजेडाला धरलं, भिंग लावलं, बरणी फिरवून पुन्हा पाहिलं. पाणी नळाच्या पाण्यासारखं कोरं. पाण्यावर पळणारे दोन-चार किडे दिसले, तेवढंच. बेडूक नाही, गोगलगाय नाही, गवताची काडी नाही. यमुताईच्या कपाळाला आठी पडली. हा धडा तिनं दोन वर्षांपूर्वी याच काठावर घेतला होता आणि तेव्हा पोरींच्या वह्या अपुऱ्या पडल्या होत्या.

रंभाबाई लुगडं पिळता पिळता ऐकत होती. तिला राहवलं नाही.

"बाई, माती लिवली का पोरींनी?"

"लिहिली न, मावशी."

"खोडाले सांगा मंग. माती नाही इथं. मुरूम हाय."

पोरी फिदीफिदी हसल्या. यमुताई हसली नाही. ती जवळ येऊन उभी राहिली. रंभाबाईनं धुण्याच्या दगडावरचे कपडे बाजूला सारले. "काहून दूर उभी राह्यली वं? बस न."

यमुताई बसली आणि तिनं विचारलं, "आधी काय काय होतं इथं?"

कुणी हे विचारेल असं रंभाबाईला वाटलं नव्हतं. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बदलला. जळवा होत्या. शिंपले होते, बारके शंख होते. झिंगे होते. पाण्यात उड्या मारणारे पिसवांसारखे बारीक जीव होते, मासळीची पिल्लं त्यांच्यावरच वाढायची. शेवाळ होतं. पावसाळ्यात बेडूक असे ओरडायचे, की घरात बोलायची चोरी. "सोयऱ्याधायऱ्यासारखं होतं बाई सारं. मी म्हनो, पानी म्हंजे बोडी. आता वाटते, बोडी त्या चिखलात होती. अन् तो म्या माह्या डोक्यावरून काढून देल्ला."

यमुताईनं काठावरचा मुरूम चिमटीत घेऊन पाहिला. मग म्हणाली, "तो गाळ कुठं गेला?"

"वावरात गेला. अन् इटा झाल्या."

"सगळ्याच्या?"

रंभाबाईला आठवलं. मागच्या आठवड्यात फुटाणे भाजायला लागणारी रेती भट्टीवरून आणायला गेली होती, तेव्हा कोपऱ्यात एक मोठा ढीग तसाच पडलेला दिसला होता.

शाळा सुटल्यावर दोघी भट्टीवर गेल्या. ओमप्रकाश खाटेवर बसून चहा पीत होता. ढिगाचं नाव काढताच तो करवादला. "वो कोनेवाला? तो नाही पायजे मले. शंख-शिंपले भरले हाय त्याच्यात. भाजली का चुना होते अन् पानी लागलं का ईट फटकन फुटते. पुरी भट्टी बरबाद झाली माही. न्या तुम्ही, सारा न्या. जागा तरी मोकळी होईन."

ढीग घराएवढा होता. पावसाचं पाणी वरून निथळून गेलं होतं आणि वर्षभर उन्हात पडून तो दगड झाला होता, भेगाळला होता. रंभाबाईनं एक ढेकूळ आपटून फोडलं. आत पांढरे बारीक शंख चमकले. तिनं माती नाकाशी नेली. ओल्या गाळाला एक वास असतो, कुजलेल्या पानांचा आणि मासळीचा मिळून. तो वास तिच्या ओळखीचा होता. या मातीला कसलाच वास नव्हता.

"मेली," ती म्हणाली. "वरीसभर ऊन खाल्लं तिनं. आता का राह्यलं असन त्याच्यात?"

"मलाही ठाऊक नाही," यमुताई म्हणाली. "कॉलेजात वाचलं होतं, की काही पाणकिड्यांची अंडी वर्षानुवर्षं सुकून पडतात आणि पाणी मिळालं की फुटतात. मी स्वतः कधी पाहिलं नाही. पण पाहता तर येईल न, मावशी?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खिडकीत लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या आल्या. यमुताईनं शाळेच्या विहिरीचं पाणी उकळून गार केलं होतं, म्हणजे जे काय येईल ते पाण्यातून आलं असं कुणी म्हणायला नको. पहिल्या बरणीत मूठभर मुरूम टाकला. दुसरीत ढिगातला सुका गाळ. तिसरीत त्याच गाळाची भाजलेली वीट कुटून टाकली. तोंडांवर फडकं बांधलं आणि पोरींना सांगितलं, की हात लावायचा नाही, रोज फक्त पाहायचं.

पोरींबरोबर रंभाबाईही पाहू लागली. फुटाणे विकून परत येताना टोपलं डोक्यावर तसंच ठेवून ती शाळेच्या खिडकीशी थांबायची. आधी शिपाई हटकायचा, मग त्यालाही सवय झाली. पहिले चार दिवस दुसऱ्या बरणीत फक्त गढूळ पाणी होतं. पाचव्या दिवशी ते खाली बसलं. सातव्या दिवशी मुख्याध्यापक बरणीचं फडकं सोडून वास घेऊन गेले आणि ही घाण किती दिवस ठेवणार म्हणून विचारून गेले. रंभाबाई त्या दिवशी खिडकीशी फार थांबली नाही. मधल्या रस्त्यात तिला वाटलं, आपणही काय वेड्यासारखं करून राहिलो आहोत! घरात देवाजीनं उमरेडला जायचं पक्कं केलंय, आणि आपण लोणच्याच्या बरणीत तोंड घालून बसलोय. नववा दिवस तर तिनं मुद्दामच चुकवला.

अकराव्या दिवशी यमुताई स्वतःच बाजारात आली. धापा टाकत होती. "मावशी, चला."

"का झालं?"

"चला तर!"

खिडकीपाशी पोरींची झुंबड होती. यमुताईनं त्यांना बाजूला केलं आणि रंभाबाईच्या हातात भिंग दिलं. पहिली बरणी कोरी होती. तिसरी कोरी होती. दुसरीतलं पाणी किंचित हिरवट झालं होतं आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उड्या मारत होते. वर, खाली, पुन्हा वर. रंभाबाईनं भिंग डोळ्याशी नेलं. ठिपक्याला एक काळा डोळा होता. काचेसारख्या अंगाच्या आत काहीतरी भराभर धडधडत होतं.

"ते त्याचं काळीज," यमुताई हळूच म्हणाली.

रंभाबाईनं भिंग काढून पुन्हा लावलं. वर्षभर उन्हात पडलेली माती. तिला तिनं मेलेली म्हटलं होतं. आता तिच्यातून निघालेल्या जीवाचं काळीज उडत होतं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "जित्तं हाय वं! माय वं, जित्तं हाय!"

त्याच रविवारी सोसायटीची बैठक होती. बोडीचा ठेका ठेवायचा की सोडायचा, एवढा एकच विषय. अध्यक्ष नत्थू पारावर बसला होता, बाकीचे खाली. रंभाबाई पदराखाली बरणी घेऊन आली आणि तिनं ती नत्थूच्या पुढ्यात ठेवली. माणसांनी माना लांब केल्या, पाहिलं, आणि हसायला लागली.

"ह्या पिसवा दाखवून पोट भरन का गा आपलं?" कुणीतरी म्हणालं.

"ह्या पिसवा असल्या तं मासळी राहीन," रंभाबाई म्हणाली. "गाळ असला तं मूळ धरन. म्या काढला, तुमी काढला, साऱ्यांनी मिळून काढला. आता परत टाकू. पुरी बोडी नाही जमली तं एक कोपरा टाकू."

"दोन गाड्या माती टाकून बोडी जित्ती होते का वं?" नत्थूनं विचारलं. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. त्याचेच दोन भाऊ खाणीत निघाले होते.

"दह्याले विरजन केवढं लागते?" रंभाबाई म्हणाली.

यावर मागं बसलेल्या बाया खळखळून हसल्या. नत्थूनं टोपी काढून डोकं खाजवलं. शेवटी तो म्हणाला, "ठीक हाय. यंदाची दिवाळी पाहू. कोपरा तुहा, मेहनत तुही. नाही जमलं तं बोडी सोडून देऊ, मंग कोनी रडाचं नाही."

देवाजी सगळा वेळ खाली मान घालून बसला होता. घरी येताना म्हणाला, "चार लोकांत हसं केलं. मी उद्या चाललो उमरेडले. तू खेळ आपल्या चिखलात." रंभाबाईनं त्याच्या भाकरी बांधून दिल्या.

चैत्रात बोडीचं पाणी उतरलं आणि पूर्वेचा कोपरा उघडा पडला. रंभाबाईनं आणि शेजारच्या कौसल्यानं कुदळीनं ढीग फोडायला सुरुवात केली. दोघींच्या सहा जणी झाल्या. सकाळी ऊन चढायच्या आत टोपल्यांनी गाळ वाहायचा, मुरमावर वीतभर जाडीनं पसरायचा, वरून पाणी मारायचं. रविवारी यमुताई पोरींना घेऊन यायची. साडी खोचून तीही टोपलं उचलायची. पहिल्या दिवशी वस्तीतली एक म्हातारी पुटपुटली, की हिच्या हातचं टोपलं आपल्या डोक्यावर कशाले. रंभाबाईनं ते ऐकलं आणि यमुताईच्या हातातलं टोपलं सरळ आपल्या डोक्यावर घेतलं. मग मडक्यातलं पाणी तिला पाजलं आणि त्याच लोट्यानं स्वतः प्यायली.

पण काम पुढं सरकत नव्हतं. सहा बाया दिवसभर राबल्या, तरी ढिगाचा कोपरा तेवढा तुटायचा. असंच चाललं तर पाऊस येईपर्यंत अंगणाएवढी जागाही झाकली जाणार नव्हती. तिसऱ्या आठवड्यात कौसल्याच्या मानेत लचक भरली आणि दोघी जणी यायच्या बंद झाल्या.

त्या शनिवारी देवाजी उमरेडच्या एसटीतून उतरला. कानात, भुवयांत कोळशाची भुकटी. रस्त्यावरूनच त्याला दिसलं, रंभाबाई एकटी टोपलं घेऊन काठ उतरत होती आणि उतरता उतरता टोपलं सांभाळायला मध्येच थांबत होती. तो घरी गेला, हातपाय धुतले, चहा प्यायला. रविवारी सकाळी रंभाबाई भट्टीवर पोचली, तर ढिगापाशी बैलगाडी उभी होती आणि देवाजी सदरा काढून फावड्यानं गाडी भरत होता.

"कोनाची गाडी आनली?" तिनं विचारलं.

"नत्थूची." तो फावडं न थांबवता म्हणाला. "अडीच महिने जमिनीच्या पोटात राह्यलो. तिथं काईच नाही वं. मुंगी नाही, गवत नाही. दगड अन् अंधार. काल तुले चिखल घेऊन जातानी पाह्यलं अन् मले..." त्यानं फावडंभर गाळ गाडीत टाकला. "बैलं धर," म्हणाला.

तो सोमवारी खाणीत परत गेला नाही. चाळीस खेपा झाल्या. ढीग संपला तेव्हा ओमप्रकाशनं स्वतः येऊन मोकळी जागा झाडून घेतली आणि सगळ्यांना चहा पाजला.

आषाढात बोडी भरत आली. रंभाबाई माहेरी, भंडाऱ्याकडं जाऊन आली आणि येताना ओल्या पोत्यात गुंडाळून वेलांचं बेणं घेऊन आली. वेल लावायच्या दिवशी काठावर वस्ती जमली होती. ती कंबरभर पाण्यात उतरली, मग छातीभर. उजवा अंगठा खाली टेकवला. गार, मऊ गाळ बोटांच्या फटीतून वर आला. तिनं वेलाचं मूळ अंगठ्यात धरून खोल दाबलं आणि पाय काढला. वेल जागचा हलला नाही. काठावर उभ्या असलेल्यांना तिचं तोंड दिसत होतं. त्यांना वेगळं सांगायची गरज पडली नाही. तिच्यामागून कौसल्या उतरली, मग आणखी चौघी.

श्रावण निम्मा झाला असेल. वेलांमधलं तण काढताना रंभाबाईच्या पोटरीला काहीतरी चावलं. ती ओरडतच काठावर आली. पोटरीला बोटभर जळू चिकटली होती, रक्त पिऊन टम्म झालेली. देवाजी चुन्याची डबी घेऊन धावला, तर रंभाबाई हसत होती.

"राहू दे तिले. पिऊ दे. दोन वर्सांनी आली बिचारी."

जळू गाळातून आली की माहेरच्या वेलांबरोबर, हे कुणाला सांगता आलं नसतं. पण पाठोपाठ शंख दिसू लागले. कोपऱ्यातलं पाणी हिरवट झालं, पानाखाली मासळीची पिल्लं फिरू लागली. बाकीची बोडी तशीच कोरी, आणि हा कोपरा मात्र हिरव्या पानांच्या गोल ताटल्यांनी भरलेला. रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून पाहायचे.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. भादव्यात पानांवर तांबूस किडा पडला. शिंगाड्याचा हा जुनाच वैरी. पण या वर्षी त्याला दुसरीकडं कुठं खायलाच नव्हतं, म्हणून सारा इथंच उतरला. आठ दिवसांत पानं जाळीसारखी झाली. नत्थू धावत पावडरीचा डबा घेऊन आला. आता त्याचाही जीव त्या कोपऱ्यात अडकला होता. "फवारून टाकू," म्हणाला, "एका दिवसात साफ."

रंभाबाईनं डबा हातात घेतला. मग यमुताईला निरोप धाडला. यमुताईनं डब्यावरचं सगळं वाचलं आणि म्हणाली, "किडा मरेल, काका. पण ही पावडर किडा कोणता आणि पिसवा कोणत्या, ते विचारत नाही. मासळीही मरेल. दुसरा काही उपाय नाही का? जुनी माणसं काय करायची?"

"जुनी मानसं?" नत्थू म्हणाला. "हातानं येचत."

"मंग येचू," रंभाबाई म्हणाली.

नऊ दिवस वेचणं चाललं. एका डोंग्यात, लहानशा लाकडी होडीत, दोन बाया, मांडीवर मडकं. पान उलटं करायचं, किडा आणि अंडी मडक्यात झाडायची. भरलेली मडकी वस्तीतल्या कोंबड्यांपुढं ओतायची. निम्मी पानं गेलीच. नवव्या दिवशी पाऊस उघडला, आणि मधोमध नवी पानं फुटताना दिसली. त्याच दिवशी लांब बोटांचा एक पक्षी पानांवरून चालत आला, पानाची कड चोचीनं उचलून खालचं काहीतरी टिपलं आणि पुढच्या पानावर गेला. यमुताईच्या एका पोरीनं तो वहीत काढला. सजीवांच्या बाजूला आता जागा उरली नव्हती म्हणून तिनं समासात काढला.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पहिली तोडणी झाली. पीक मोठं नव्हतं. एका कोपऱ्यात किती निघणार? त्यातून किड्यानं खाल्लेलं. अकरा टोपल्या भरल्या. पण दाणा टपोरा होता, कवच हिरवं-लाल आणि गर दुधासारखा. रंभाबाईनं पहिला शिंगाडा दातानं सोलून यमुताईच्या हातावर ठेवला. दुसरा देवाजीला दिला. त्यानं तो सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाला, "उद्यापासून दुसरा कोपरा पाहू. वावरात गेला तो गाळ काई भेटनार नाही. पन या कोपऱ्यातला थोडा-थोडा घेऊन आजूबाजूले पसरवू, वरून शेनखत टाकू." बोलता बोलता तो काटकीनं जमिनीवर बोडीचा नकाशा काढायला लागला. नत्थू त्याच्याशेजारी उकिडवा बसला आणि वाद घालू लागला, की दक्षिणेकडून सुरू केलं पाहिजे. ठेक्याचं कुणी नावच काढलं नाही.

बुधवारी रंभाबाई बाजारात बसली होती. टोपलं निम्मं रिकामं झालं होतं. एक पोक्त बाई बराच वेळ समोर उभी राहून शिंगाड्यांकडं पाहत होती, घेत काहीच नव्हती.

"घे न वं, पाहून का राह्यली?" रंभाबाई म्हणाली.

"मले शिंगाडे नाही पायजे," ती म्हणाली. तिचं नाव बायजाबाई, गाव कन्हानच्या पलीकडं. "आमची बी बोडी खोदली. पानी हाय, पन काईच होत नाही. कोनी सांगतलं, सक्करदऱ्याच्या बाजूले एका बाईनं बोडी जित्ती केली. ते तूच का?"

रंभाबाईनं टोपलं कौसल्याकडं सोपवलं आणि बायजाबाईला घेऊन सरळ बोडीवर आली. चहाही नंतर पाजला. लुगडं खोचून ती कोपऱ्यात उतरली, खालचा काळा गाळ दोन्ही हातांनी काढला आणि बायजाबाईच्या टोपल्यात पळसाची पानं अंथरून त्यावर भरला. शंख, मुळांचे तुकडे, त्यात वळवळणारं काय काय. काही निवडून टाकलं नाही. वरून ओलं फडकं घातलं. तो मूठमूठ कसा पसरायचा, पाणी किती असावं, बेणं कुठून आणावं, हे सारं दोन-दोनदा सांगितलं. "अन् किडा पडला तं घाबरू नको. मले निरोप धाड, मी येईन."

संध्याकाळच्या आत बायजाबाईला घर गाठायचं होतं. रंभाबाई तिला एसटीपर्यंत सोडायला गेली. कंडक्टरनं पायरीवरच टोपलं अडवलं. फडक्याखालून पाणी गळत होतं.

"का हाय वं याच्यात?"

बायजाबाई क्षणभर गोंधळली. मग ताठ उभी राहिली. "जितराब हाय," म्हणाली.

"जितराब असन तं टपावर ठेवा लागते. आत नाही चालत." कंडक्टरनं फडकं उचलून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं, आणि चक्रावून रंभाबाईकडं बघितलं. "हा तं चिखल हाय, मावशी!"

"नीट पाह्य न, बाबू," रंभाबाई म्हणाली.

त्यानं वाकून पाहिलं. काळ्या चिखलातून एक बारका शंख हळूहळू वर सरकत होता, दोन शिंगं बाहेर काढून. कंडक्टर हसला. त्यानं ड्रायव्हरच्या मागची जागा दाखवली. "सावलीत ठेवा, तिथं ऊन लागत नाही," म्हणाला आणि घंटी मारली. बायजाबाई टोपलं दोन पायांच्या मधे धरून बसली, आणि गाडी कन्हानच्या दिशेनं निघाली.